मुनदोल गार पडेल

पडद्यावरच्या म्हातारीने दाराची कडी काढली, तशी छुनसिलने खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढचं वाक्य कापलेलं असेल, असं ती शूटिंग संपल्यापासून स्वतःला समजावत आली होती. दिग्दर्शक सोकसाहेबांनी तसं कबूलच केलं होतं. "बघू या, एडिटिंगला बघू," म्हणाले होते. 'बघू' म्हणणाऱ्या माणसावर विसंबायचं नसतं, हे दक्षिणेत इतकी वर्षं काढूनही आपल्याला कळू नये, याचा तिला अंधारात बसल्याबसल्या स्वतःचाच राग आला.

म्हातारीने मुलाच्या कोटाची कॉलर सारखी केली. मुलगा उत्तरेचा हेर होता आणि सीमा ओलांडायला निघाला होता. बाहेर बर्फ पडत होतं. हा काही परत येत नाही, हे थिएटरातल्या पोराटोरांनाही कळत होतं. म्हातारी म्हणाली, "मुनदोल गार पडेल."

बस, एवढंच. मुलगा एक अक्षर न बोलता निघून गेला. दाराबाहेरच्या चपट्या दगडावर बर्फ साठत गेलं आणि कॅमेरा तिथेच थांबून राहिला. कुणीतरी नाक ओढलं, मग दुसऱ्याने ओढलं, मग रांगेच्या रांगा मुसमुसू लागल्या. शेजारची बोरा तर पॉपकॉर्नच्या डब्यात तोंड खुपसून रडत होती. छुनसिलच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. वाक्य कापलेलं नव्हतं.

'छत्रीवाला' ही मालिका दक्षिणेत लहानाचं मोठं झालेल्या प्रत्येकाने पाहिलेली. दक्षिणेचा गुप्तहेर मा आणि त्याची काळी छत्री. छत्रीतून कधी सुरी निघायची, कधी शिडी, एकदा तर अख्खी होडी. उत्तरेचे जनरल जाडे, मठ्ठ आणि शेवटी हमखास माशांच्या हौदात पडणारे. लोक हसून हसून कंटाळले तेव्हा सोक या तरुण दिग्दर्शकाने तिचा नवा सिनेमा करायला घेतला. त्याने हौद काढून टाकला. त्याचा मा छत्री उघडायचा ती पाऊस आला म्हणून. मार खाल्ला की त्याचे दात पडायचे, आणि पडलेले दात पुढच्या दृश्यात परत उगवायचे नाहीत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उत्तरेच्या हेराला या खेपेला घर होतं, आई होती. त्या मायलेकांना उत्तरेची बोली शिकवायला सोकने छुनसिलला शोधून काढलं होतं.

तिने एकच अट घातली होती. माझं नाव कुठेही यायला नको. ती अट सोकने पाळली, पण त्याच्या पद्धतीने. शेवटच्या नामावळीत 'उत्तरेची बोली' असं लिहून त्यापुढची जागा काळी, कोरी ठेवली. हेरांच्या सिनेमात कोरी जागा! सगळं थिएटर आपल्याकडेच बघतंय, असं तिला वाटलं.

"ताई, तुमच्याकडे खरंच असं म्हणतात?" बसथांब्यावर बोराने विचारलं. दोघी इंचॉनच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या. छुनसिल उत्तरेची, एवढं बोराला ठाऊक होतं. छुनसिलच्या सिनेमातल्या कामाचं तिला काही ठाऊक नव्हतं.

"कुणास ठाऊक बाई. उत्तर काय एवढीशी आहे?"

"पण किती गोड! आणि तो काहीच बोलत नाही ना, ते तर... मेलेच मी." बस आली. पायरीवर चढून बोरा वळली आणि हात हलवत ओरडली, "ताई, मुनदोल गार पडेल हं!"

रांगेतले लोक ओळखीचं हसले. छुनसिललाही हसावं लागलं.

मुनदोल म्हणजे दारातला दगड. सोरागोलच्या कोळसाखाणीवर, वरच्या आळीत, प्रत्येक दारापुढे एक चपटा दगड असायचा. कामावरून आलेलं माणूस आधी त्यावर टेकायचं, बूट उतरवायचं, काळं थुंकायचं आणि मगच आत जायचं. म्हणून कुणी बाहेर निघालं की घरातलं माणूस म्हणायचं, मुनदोल गार पडेल. आणि निघणाऱ्याने म्हणायचं, येऊन बसतो. हे उत्तर दिल्याशिवाय दगडावरून पाय उचलायचा नाही. खालच्या आळीत असं बोलत नसत. डोंगरापलीकडे तर हे कुणी ऐकलेलंही नव्हतं. आणि छुनसिल सतरा गावची बोली मिसळून शिकवत होती, ती मुद्दामच. ऐकणाऱ्याला 'उत्तर' ऐकू यावी, गाव ऐकू येऊ नये म्हणून.

पण त्या दिवशी दारातलं दृश्य जमेना. आईचं काम करणारी नटी मुरलेली, देशभर मान असलेली. तिला स्वतःलाच ते पटेना. "नीट जा, तब्येत सांभाळ, हे काय आईचं बोलणं?" ती चिडून म्हणाली. सोक छुनसिलकडे वळला. "बाई, पोरगा असा निघाला तर आई काय म्हणेल हो?" तिने तोंड उघडलं आणि वाक्य बाहेर पडलं. विचार करायला मध्ये जागाच नव्हती.  नटीने डोळे पुसले. छुनसिलला तेव्हा एवढंच सुचलं की त्याचं उत्तर गिळून टाकावं. ते तिने गिळलं. म्हणून सिनेमातला हेर मुकाट्याने निघून जातो आणि प्रेक्षकांना त्यात केवढा खोल अर्थ दिसतो. सोरागोलमध्ये असं मुकाट्याने निघून गेलेल्या पोराला आईने मागून चप्पल फेकून मारली असती.

छुनसिलने स्वतः उत्तर दिलं होतं. आई दारात होती, धाकटा भाऊ छोलमिन आत जेवत होता. येऊन बसते, असं म्हणून ती निघाली ती तुमान नदीवर गेली आणि पलीकडे चीनमध्ये उतरली. दुसऱ्या दिवशी छोलमिनने नदीकाठी तिचा एक बूट आणि रुमाल नेऊन टाकला आणि स्वतःच बोंब मारली की बहीण वाहून गेली. त्या बुटावर त्याचं सगळं आयुष्य उभं होतं. बुडालेल्या बहिणीच्या भावाला लोक हळहळून खाणीत काम देतात. पळून गेलेल्या बहिणीच्या भावाला रात्रीतून उचलतात, बायकापोरांसकट. आई नंतर वारली. छोलमिनचं लग्न झालं, मुलगी झाली. वर्षातून दोनदा, नव्या वर्षाला आणि छुसोकला, म्हणजे शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला, तो डोंगरावर चढून चोरट्या चिनी फोनवरून तिच्याशी दोन शब्द बोलायचा. त्यासाठी छुनसिलनेही चीनमधल्या यानजीच्या एका ओळखीकडून चिनी नंबर घेतला होता, आणि त्या नंबरचा जुना फोन तिच्या ॲप्रनच्या खिशात कायम असायचा.

आता त्या बुडालेल्या बाईचं वाक्य देशभर लोकांच्या तोंडी झालं. कॅफेवाल्यांनी ते पायपुसण्यावर छापलं. शाळेतली पोरं ताट ठेवून जाताना ते एकमेकांना म्हणायची. जुन्या मालिकेचे चाहते संतापले होते, ते वेगळंच. 'आमची होडी परत द्या', 'हा मा आहे की दवाखान्यात पळापळ करणारा नातेवाईक', असं काय काय ते लिहीत होते. नव्यावर खूश असलेले त्यांना सुनावत होते की बाबांनो, मोठे व्हा, हेरगिरी अशीच असते, घाणेरडी आणि खरी. 'खरी' हा शब्द तर इतक्या वेळा आला की छुनसिलला त्याची शिसारी बसली. आपण होऊन प्रतिक्रिया वाचणारी ती नव्हती, पण आता तिला वाचल्याशिवाय घास उतरत नव्हता.

भीतीचं खरं कारण थोड्याच दिवसांत आलं. कुणीतरी विचारलं, ही बोली नेमकी कुठली? झालं. प्रेक्षकांना आता स्वतःलाच हेर व्हायचं होतं. एकाने लिहिलं, हे हामग्यंग प्रांताकडचं. उत्तरेतून आलेल्या एकीने लिहिलं, मी तिकडचीच, आमच्या शहरात असं नाही म्हणत, खाणीकडचं असेल. मग खाणींची नावं निघाली. आमच्याकडे नाही, आमच्याकडे नाही, असं करत करत एकेक खाण बाद होत गेली. लोक हसत-खेळत, एकमेकांना शाबासकी देत तिच्या दाराकडे सरकत होते. आणि मग 'थाक म्हातारा' या नावाने एक प्रतिक्रिया आली:

'हे सोरागोलच्या वरच्या आळीचं. माझी बायको तिथली. ऐकलं आणि थिएटरात उठून उभा राहिलो. तिथून नाहीशा झालेल्या बायका दोनच. एक इकडे आन्सानला असते, ती बोलत नाही कुणाशी. दुसरीचं म्हणतात की नदीत बुडाली. देव जाणे.'

छुनसिलच्या हातातलं भांडं सिंकमध्ये पडलं. खाली लगेच कुणीतरी विचारलं होतं, 'बुडाली म्हणतात, की बुडाली?' आणि त्यावर डोळे मिचकावणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

ती सोकच्या ऑफिसात गेली. सोक दुष्ट नव्हता, हे मान्य करायला हवं. त्याने तिला बार्लीचा चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहराही उतरला. पण चेहरा उतरून काय होतं?

"बाई, सिनेमा देशभर लागलाय. आता वाक्य कसं काढू? काढलं तर उलट बातमी होईल."

"माझा भाऊ आहे तिथे."

"कळतंय हो. पण ती लोकं कुठे आपला सिनेमा बघणार आहेत?"

 दक्षिणेतलं नवं काहीही छोट्या मेमरी चिपमध्ये बसून, चोरून नदी ओलांडून उत्तरेत जातं, हे त्याला ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असूनही त्याने ते बाजूला ठेवलं असावं.

"प्रेक्षकांना खरं हवंय," सोक हळूच म्हणाला. "आमचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. उद्या कुणी ते वाक्य खोटं म्हणालं ना, तर आम्ही संपलो. कुणी तुमच्या गावाची चौकशीसुद्धा करायचं नाही मग." हे बोलून त्याने जीभ चावली, पण छुनसिलने ते ऐकलं होतं.

थाक म्हातारा सापडायला वेळ लागला नाही. उत्तरेतून आलेली निम्मी माणसं इंचॉनच्या एकाच वस्तीत राहतात आणि टोफूभाताच्या गाडीवरच्या बाईला सगळ्यांचे पत्ते तोंडपाठ असतात. म्हाताऱ्याचं घर म्हणजे एक खोली. खिडकीत मक्याची कणसं वाळत टांगलेली. त्याने दार उघडलं आणि छुनसिलला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कोण गं तू?"

"आबाई, तुमी सिनेमाखाली जे लिवलंय, ते काढा."

तिला दक्षिणेची शुद्ध भाषा चांगली येत होती. पण भीतीने जीभ घरी पळाली होती, जिथे आजोबांना आबाई म्हणतात. म्हाताऱ्याने तिचा शब्द तोंडात घोळवला.

"लिवलंय," तो म्हणाला. "वरच्या आळीची हाईस. दुसरी. बुडालेली."

छुनसिलने मागे वळून बघितलं, कुणी ऐकत नाही ना.

म्हाताऱ्याने तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "मला वाटलं, येवढी वर्सं झाली, आता कुणाचं काय बिघडतंय. लई आनंद झाला गं. पडद्यावर माझी बायकू बोलल्यावानी वाटलं. मूर्ख मी, म्हातारा गाढव."

"तुमचं कुणी हाय तिकडं?"

"बायकू हुती. ग्येली." तो कणसांकडे बघू लागला. "मी निगालो तवा दारात हुती. तेच बोलली. मी म्हनलं, येऊन बसतो."

ते उत्तर दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकून छुनसिलच्या अंगावर काटा आला. "आबाई, हे उत्तर कुटं लिवलं न्हाई ना?"

"न्हाई. त्ये कसं लिवीन? त्ये माझं हाय."

तिचा जीव किंचित खाली आला. "मग पयलं काढून टाका."

"काढून काय हुतंय? लोकांनी फोटू काढून ठिवल्यात. काढलं तर म्हनतील, का काढलं. आनि चिपा पल्याड पोचत्यात, तवा पयलं कोन बघतं, ठावं हाय? पकडनारेच बघत्यात. दारं लावून."

हे छुनसिललाही ठाऊक होतं, म्हणून तर तिची पाचावर धारण बसली होती. तिने सोकच्या तोंडून निसटलेलं सांगितलं. वाक्य काढायचं नाही, वाक्य खोटं पाडायचं. सोरागोलचाच माणूस म्हणाला पाहिजे की असं आमच्याकडे कुणी बोलत नाही. मग गावही सुटलं आणि बुडालेली बाईही सुटली.

म्हाताऱ्याने खिडकीतलं एक कणीस चाचपलं. "म्हंजी माझी बायकू तसं बोललीच न्हाई, असं म्हनायचं मी."

छुनसिलला वाटलं, उठावं आणि निघून जावं. कुठल्या तोंडाने मागतोय आपण हे? पण तिच्या डोळ्यांपुढे छोलमिनची मुलगी होती, जिला तिने कधी पाहिलंही नव्हतं.

"हां," ती म्हणाली.

"तूच लिव. माझं हात कापत्यात." त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. "पन बायकूचं नाव घिऊ नगंस त्यात."

तिने लिहिलं. 'मी म्हातारा माणूस, परवा उगाच बढाई मारली. सिनेमा परत पाहिला. सोरागोलला असं कुणी म्हणत नाही. सोलच्या कॅफेत बसून कुणीतरी रचलेलं वाक्य आहे.' मग तिने स्वतःच्या फोनवरून, खोट्या नावाने, त्याखाली जोड दिली. 'मी त्याच भागात जन्मले. दारात दगड? आमच्याकडे दारात चिखल असतो. आम्हाला रडवायला निघालेत, लाज वाटली पाहिजे.' हे लिहिताना आईचा चेहरा समोर येऊ नये म्हणून तिने मोठ्याने अक्षरं म्हणत लिहिलं.

निघताना ती दाराबाहेर आली, बूट चढवले. म्हातारा चौकटीत उभा होता. त्याचे ओठ उघडले. तिचंही उत्तर जिभेवर आलं. 

"सावकाश जा हं," म्हातारा सोलच्या माणसासारखं म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

औषध लागू पडलं, आणि असं पडलं की छुनसिललाही धडकी भरली. जुन्या मालिकेचे चाहते टपूनच बसले होते. 'खरं खरं म्हणून आमच्या माथी काय मारलंत बघा', 'यापेक्षा होडी खरी होती'. तिच्या खोट्या नावाच्या प्रतिक्रियेला इतक्या लोकांनी पसंती दिली की ती सगळ्यात वर जाऊन बसली. कालपर्यंत रडणारे आज खिदळत होते. पायपुसणी अर्ध्या किमतीला निघाली. शाळेतली पोरं तेच वाक्य आता नाकातून, लाडं लाडं रडत म्हणू लागली आणि पोटं धरून हसू लागली. सोकचा एकदा फोन आला. "बाई, हे तुम्ही..." एवढंच म्हणाला आणि पुढे काही न विचारता त्याने ठेवून दिला. खाणीचं नाव कुणी घेईना. छुनसिलला बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं. पोरं नाकातून बोलत तेव्हा तिला रडू फुटायचं, मग ती कांदे चिरायला घ्यायची.

आणि मग एका दुपारी, मुळ्याचं तिखट किमची ताटांत वाढून होत होतं, तेव्हा ॲप्रनच्या खिशातला जुना फोन थरथरला.

नवं वर्ष होऊन गेलं होतं. छुसोक लांब होता. छुनसिलने हातातलं तसंच टाकलं आणि कोठीघरात शिरून दार लोटून घेतलं. तांदळाच्या पोत्यांमध्ये उभी राहून तिने फोन कानाला लावला आणि नेहमीप्रमाणे गप्प राहिली. आधी त्याने बोलायचं, अशी त्यांची रीत होती.

"बाई," छोलमिनचा आवाज आला. "म्या बोलतूय. सुक्या मासळीचं इचारायचं हुतं. मागल्या खेपंला कमी भरली."

तो तिला जन्मात कधी 'बाई' म्हणाला नव्हता. आणि मासळी कसली? त्याच्या मागे कुणीतरी खोकलं. मोठ्या, निवांत माणसाचा खोकला. मग लायटरचा खटका वाजला. छोलमिन सिगारेट ओढत नसे.

छुनसिलचं डोकं एकदम लख्ख झालं. छोलमिनचा फोन पकडणाऱ्यांना सापडला होता. तो त्यांना भासवत होता की मी चीनमधल्या व्यापारी बाईशी बोलतो, चोरटी मासळी आणतो. त्याला शिक्षा होते, पण माणूस परत येतो. बहिणीशी बोलणाऱ्याचं तसं नसतं. तिने सिनेमासाठी दुसऱ्यांना बोली शिकवली होती. आता यानजीच्या बाजारातली बोली तिने स्वतःच्या तोंडात चढवली.

"कमी कशी भरंल भाऊ? वजन करून पाठवून राहिली मी. तुमच्याच माणसानं खाल्ली असंल वाटेत."

 पलीकडे कुणीतरी पुटपुटलं, आणि छोलमिन म्हणाला, "बाई, तुमच्याकडं त्यो छत्रीवाला सिनेमा आलाय म्हनं."

"कोणता?"

त्याच वेळी कोठीघराचं दार धाडकन उघडलं. बोरा होती. हातात पळी, तोंड उघडलेलं, पक्क्या दक्षिणी सुरात काहीतरी ओरडायच्या बेतात. छुनसिलने झेप घेतली आणि मुळ्याच्या तिखटाने माखलेला आपला पंजा तिच्या तोंडावर दाबला. बोराचे डोळे विस्फारले. छुनसिलने तिला भिंतीशी दाबून धरलं आणि फोन कानाला तसाच ठेवला.

"मुनदोल गार पडेल," छोलमिन म्हणाला.

ते त्याला म्हणायला लावलं होतं. पण आवाज त्याचा होता, आणि शेवटच्या अक्षरावर किंचित खाली उतरणारा सूर आईचा होता. नटीला तो सूर शेवटपर्यंत जमला नव्हता. तिकडे तो निवांत माणूस कान देऊन ऐकत होता, बाईच्या तोंडून काय निघतं ते. छुनसिलच्या घशात उत्तर उसळून आलं. जीभ टाळ्याला लागलीसुद्धा. तिच्या पंजाखाली बोराचा श्वास गरम गरम लागत होता.

"काय?" ती म्हणाली. "काय गार पडून राहिलं?" आणि मग खो खो हसली. आपल्याला असं हसता येतं हे तिला माहीत नव्हतं. "अरे हो हो, तो सिनेमा! इकडे सारे हसून राहिले त्याला. खोटंनाटं आहे म्हणतात, कोणी बोलतच नाही तसं. तू मासळीचं बोल भाऊ. मी दगड नाही विकत."

दूर कुठेतरी त्या माणसाचं हसू ऐकू आलं. ते गंमत वाटल्याचं होतं की सापडली म्हणून होतं, हे ओळखता येत नव्हतं.

"न्हाई, सहज इचारलं," छोलमिन म्हणाला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "आमच्याकडं बी असं कुनी म्हनत न्हाई. ठिवतो, बाई."

छुनसिलने फोन कानावरून काढला नाही. तो बंद झाला होता की नाही, हे बघायचं धाडस तिला होईना. पलीकडे अजून कुणी ऐकत असलं तर? घरच्या माणसाने ते वाक्य म्हटलं आणि आपण उत्तर दिलं नाही, असं तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं. ओठ आपोआप हलू लागले, तेव्हा तिने ते दातांत धरले.

बोराने तिचा हात आपल्या तोंडावरून हळूच खाली घेतला. तिखटाने तिचे गाल लाल झाले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.  सिनेमाचं, कोऱ्या जागेचं, सगळ्यात वरच्या खोट्या प्रतिक्रियेचं, सगळंच तिला त्या क्षणी कळलं होतं की काय कोण जाणे.

"ताई," ती कुजबुजली, "पोरं वाट बघतायत."

छुनसिलने मान हलवली. बोरा निघाली. उंबऱ्याशी वळून तिने सवयीने तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

छुनसिलने फोनची बॅटरी काढली, फोन खिशात टाकला आणि हात धुऊन ताटं वाढायला गेली. तिचं बोलणं त्या माणसाला खरं वाटलं की नाही, हे आता छुसोकला बॅटरी परत घातल्यावर छोलमिनचा फोन आला तरच कळणार होतं.